डबा परत का जात होता?
सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या दातांविषयी थोडेसे



आपल्या शाळेतील एका विद्यार्थिनीचा डबा मागच्या वर्षी श्रावणापासून जवळजवळ भरलेलाच घरी परत जाऊ लागला. ती सहावीत होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. ती व्हीलचेअरवर बसते, हात तिच्या मनाप्रमाणे चालत नाहीत आणि तिचे बोलणे सवय झालेल्यालाच समजते. गणितात मात्र ती वर्गात पहिल्या पाचांत असते. डबा परत जायचा, ती चिडचिड करायची आणि मधूनच उजव्या हाताची मूठ जबड्यावर मारून घ्यायची. वर्गशिक्षिकेने नोंदवहीत शेरा लिहिला, "हल्ली हट्टी झाली आहे." त्याखाली आम्ही सही केली. तिच्या आईला बोलावून घरचे लाड थोडे कमी करा, असेही सांगून टाकले. मूठ मारून घेऊ नये म्हणून आम्ही तिचा हात धरून ठेवत होतो.

नवरात्रात तिचा गाल सुजला तेव्हा उलगडा झाला. खालची उजवी दाढ मुळापर्यंत किडली होती आणि तिथे पू झाला होता. म्हणजे जवळपास दोन महिने ती मुलगी आपल्या परीने कुठे दुखते ते बोट ठेवून दाखवत होती, आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक तिला शिस्त लावत होतो.

हा लेख तिच्या आईच्या संमतीने लिहीत आहोत. त्यानंतर आम्ही दंतवैद्यांकडे बसून, पुस्तके वाचून आणि मुख्य म्हणजे अशा मुलांच्या आयांना विचारून जे समजून घेतले, ते सर्वांपर्यंत पोचावे एवढाच हेतू आहे. आपल्या शाळेत आज अशी मुले थोडी आहेत, पण नातेवाइकांत, शेजारीपाजारी असे एखादे मूल किंवा मोठे माणूस बहुतेकांच्या माहितीत असते.

आजार नव्हे, अवस्था

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या मध्यप्रदेशात सरकारी कागदावर 'प्रमस्तिष्क घात' असा शब्द येतो. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, तरी हा शब्द पहिल्यांदा वाचताना आम्हीही अडखळलो. मराठीत 'मेंदूचा पक्षाघात' म्हणतात. त्यामुळे घरातल्या आजीला वाटते की नातवाला लकवा झाला, आणि मग लकव्याचे तेल, मालिश, अमक्या गावचा वैद्य असे सुरू होते. सेरेब्रल पाल्सी म्हणजे म्हातारपणी येतो तो लकवा नव्हे. गर्भात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूच्या काही भागाला इजा होते आणि त्यामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडतो. ही इजा पुढे वाढत नाही. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले होते आणि बरीच वर्षे तिला 'लिटलचा आजार' असेच म्हणत. दर हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांत ती आढळते. बहुसंख्य मुलांचे स्नायू ताठ असतात, काहींच्या हालचाली आपोआप होत राहतात, तर काहींचा तोल राहत नाही. सुमारे निम्म्या मुलांच्या बुद्धीत काहीच उणे नसते. हे शेवटचे वाक्य लोक सर्वांत लवकर विसरतात.

आता दातांकडे येऊ. सेरेब्रल पाल्सीमुळे दात किडतात असा समज आहे, तो बरोबर नाही. काही मुलांच्या दातांवरचे एनॅमल मुळातच कच्चे असते हे खरे, परंतु बाकी सगळी भानगड अवतीभवतीची आहे. ओठ, जीभ, गाल यांचेही स्नायूच असतात. आपण जेवल्यावर जीभ नकळत सगळ्या तोंडातून फिरते आणि दाढेजवळ अडकलेला घास काढून आणते. आपल्याला ते कळतही नाही. या मुलांची जीभ हे काम नीट करू शकत नाही. दुपारी दीडला खाल्लेली पोळी चारला शाळा सुटते तेव्हाही गाल आणि हिरडी यांच्या मध्ये तशीच असू शकते. त्यात चावणे अवघड म्हणून अन्न मऊ: खिचडी, दलिया, दुधात कालवलेले बिस्कीट, शिरा. हे पदार्थ दातांना चिकटतात, कडक फळासारखे दात घासून काढत नाहीत. बरीच मुले तोंडाने श्वास घेतात, त्यामुळे पुढच्या हिरड्या कोरड्या पडून सुजतात. वरचे पुढचे दात बाहेर आलेले असतात, आणि ही मुले पडतात तेव्हा हात पुढे करून स्वतःला सावरू शकत नाहीत, म्हणून तेच दात आधी फुटतात. काहींना दात कराकरा खाण्याची सवय असते, त्याने दाढांचे माथे सपाट होतात.

लाळेबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण वर्गात सर्वांत जास्त चिडवाचिडवी तिच्यावरून होते. बहुतेक वेळा या मुलांच्या तोंडात लाळ जास्त तयार होत नाही. आपल्याइतकीच होते. आपण ती दिवसभर गिळत असतो, त्यांना ती वेळेवर गिळता येत नाही, म्हणून ओघळते. लाळ हा रोग नाही, ती लागत नाही, आणि खरे म्हणजे दातांचा तीच पहिला राखणदार आहे. ती आम्ल धुऊन काढते, दातांना खनिजे परत देते. लाळ ओठांबाहेर गेली की तेवढे संरक्षणही गेले. ती कमी व्हावी म्हणून डॉक्टर काही वेळा औषध देतात, उदाहरणार्थ ट्रायहेक्सिफेनिडिल किंवा ग्लायकोपायरोलेट. अशा औषधाने तोंड कोरडे पडते, आणि कोरड्या तोंडात कीड झपाट्याने पसरते. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू ठेवायचे, पण त्या काळात दातांवर दुप्पट लक्ष हवे.

औषधांचा आणखी एक मुद्दा आम्हाला अगदी नवा होता. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तीन-चारांतल्या एका मुलाला आकडीचाही त्रास असतो. हिंदीत आपण त्याला मिरगी म्हणतो. त्यासाठीची बरीच पातळ औषधे साखरेच्या पाकात असतात. आई रात्री निजताना औषध देते, वर थोडे दूध पाजते आणि मूल झोपते. झोपेत लाळ अगदी कमी होते. साखर रात्रभर दातांवर बसून राहते. वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्री. औषध बंद करण्याचा विचारही करू नये, पण औषध दिल्यावर दात पुसावेत किंवा निदान दोन-चार घोट पाणी पाजावे, आणि डॉक्टरांना विचारावे की हेच औषध बिनसाखरेचे किंवा गोळीच्या रूपात मिळेल का. फेनिटॉइन या औषधाने काहींच्या हिरड्या वाढून दातांवर येतात. हिरड्या स्वच्छ राहिल्या तर ही वाढ पुष्कळ कमी राहते. तेव्हा हिरड्या फुगल्या म्हणून घाबरून औषध परस्पर थांबवू नका. आकडी येणे हे हिरडीपेक्षा फार मोठे संकट आहे.

ब्रश कोणी धरायचा?

आम्ही ज्या आयांशी बोललो त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकीने एक गोष्ट दबक्या आवाजात कबूल केली. रोज ब्रश होत नाही. मूल दात गच्च आवळते, ब्रश चावते, ओकारी काढते, मान मागे टाकते, आणि आई थकून म्हणते की जाऊ दे. सकाळी व्यायाम, आंघोळ, भरवणे, शाळेची तयारी एवढे सगळे एकटीने करून झाल्यावर ब्रशसाठी झटापट करायला बळ उरत नाही. आम्ही यात आईला दोष देणार नाही. मुळात हे तिचे एकटीचे काम का असावे, असा प्रश्न आम्हाला पडतो. वडील रात्री घरी असतात. काका, आजोबा असतात. दोन मिनिटांचे काम आहे, त्यात ताकदीपेक्षा सवय लागते.

पहिले म्हणजे, मुलाने आवळलेले दात किंवा चावलेला ब्रश हा हट्ट नसतो. ओठांना किंवा हिरडीला अचानक स्पर्श झाला की जबडा आपोआप मिटतो, ती त्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ओढाताण केली तर जबडा आणखी घट्ट होतो. हात स्थिर ठेवून दहा आकडे मोजावेत, जबडा सैल होतो. आपले बोट त्याच्या दातांच्या मध्ये कधीही घालू नये. मूल कितीही गोड असले तरी त्या क्षणी ते बोट सोडू शकत नाही. तोंड उघडे राहावे म्हणून एका ब्रशच्या जाड, मऊ रबरी मुठीचा आधार एका बाजूने दाढांमध्ये देतात आणि दुसऱ्या ब्रशने घासतात. ही युक्ती मात्र दंतवैद्यांकडून एकदा समोर शिकून घ्यावी. चमचा किंवा कुठलीही कडक वस्तू वापरू नये, दात तुटतो.

दुसरे म्हणजे बसण्याची पद्धत. मुलाच्या समोर उभे राहून ब्रश केला की ते वर पाहते, मान मागे जाते, अंग ताठ होते आणि पाणी घशात जाण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी त्याच्या मागे उभे राहावे, त्याचे डोके आपल्या छातीशी किंवा डाव्या हाताच्या कोपरात टेकवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी आणि उजव्या हाताने ब्रश करावा. व्हीलचेअर असेल तर तिचा ब्रेक आधी लावावा. कंबर आणि गुडघे वाकलेले असले की सगळ्या अंगाचा ताठरपणा कमी होतो, हे आम्हाला एका फिजिओथेरपिस्टांनी दाखवले, आणि फरक खरोखर डोळ्यांनी दिसतो. अगदी लहान मुलासाठी दोन मोठ्यांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसावे. मुलाचे पाय एकाच्या कमरेभोवती आणि डोके दुसऱ्याच्या मांडीवर. ज्यांना गिळण्याचा त्रास जास्त आहे त्यांना मात्र असे उताणे झोपवू नये. डोक्याकडची बाजू उंच ठेवून, कुशीवर वळवून दात स्वच्छ करावेत.

ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा घ्यावा. सुरुवात थेट दातांपासून करू नये. आधी हात, मग गाल, मग ओठ, आणि मग ब्रश. तोही दाढांपासून पुढे आणावा, पुढच्या हिरड्या फार हळव्या असतात. एकेका बाजूला मोठ्याने अंक मोजावेत म्हणजे मुलाला कळते की हे कधी संपणार. पहिल्या दिवशी चारच दात झाले तरी चालतील. उरलेले उद्या.

पेस्टविषयी लोक फार विचारतात. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी, साधारण १००० पीपीएम किंवा जास्त. डब्यावर आकडा छापलेला असतो. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट घेतली की फेस होतो, फेसाने ओकारी येते आणि ज्याला थुंकता येत नाही त्याच्या पोटात ती सगळी जाते. थुंकता न येणाऱ्या मुलासाठी कमी फेसाची पेस्ट अगदी पुसट लावावी आणि ओल्या स्वच्छ कापडाने तोंड टिपून घ्यावे. चूळ भरलीच पाहिजे असे नाही. उलट थोडे फ्लोराइड दातांवर राहिलेले चांगले. आपल्याकडे जुन्या घरांतून अजून राखुंडी आणि मंजन निघते. आजीबाईंचा मान राखून सांगतो, ही भरड पूड या मुलांच्या कच्च्या एनॅमलला घासून काढते, आणि श्वासात गेली तर ठसका लागतो. मिश्रीत तर तंबाखू असते, ती कुणाच्याच तोंडात जाऊ नये.

ज्या मुलांना स्वतः ब्रश धरायचा आहे त्यांना जरूर धरू द्यावा. मूठ जाड केली की पकड येते. सायकलच्या हँडलची रबरी मूठ ब्रशच्या दांड्यावर चढवली किंवा रबरी चेंडूला चीर पाडून त्यात दांडा खोचला तर काम भागते. खर्च अगदी किरकोळ. हातावर वेल्क्रोची पट्टी बांधून त्यात ब्रश अडकवतात. ज्यांना परवडतो त्यांनी विजेवर चालणारा ब्रश घ्यावा, त्याचा थरथराट काहींना आवडतो, काहींना मुळीच सहन होत नाही. सकाळी मुलाने स्वतः करावे आणि रात्री मोठ्यांनी, अशी वाटणी बऱ्याच घरांत जमली आहे. रात्रीचा ब्रश चुकवू नये. आणि हे वय वाढले म्हणून थांबत नाही. वीस, तीस वर्षांच्या माणसालाही हात चालत नसतील तर मदत लागते, तिथे मात्र घरच्यांना आणि त्यालाही संकोच वाटू लागतो.

नळीने अन्न घेणाऱ्या मुलांच्या पालकांचा एक समज असतो की तोंडाने काही खात नाही, मग दात कशाला घासायचे? खरे उलटे आहे. तोंड न वापरल्याने दातांवर कीटण लवकर साचते, आणि त्यातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होऊ शकतो. त्यांचे तोंडही दिवसातून दोनदा, अगदी थोड्या ओलाव्याने स्वच्छ करायलाच हवे.

खाऊ, टॉफी आणि आमची चूक

आपल्या इंदुरात खाण्यावर बोलणे म्हणजे धाडसच! सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफा असलेल्या गावात साखर बंद करा असे सांगून कोण ऐकणार? तसे सांगायचेही नाही. दंतवैद्यांनी आम्हाला जे समजावले ते असे: साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली आणि किती वेळ दातांवर राहिली याला महत्त्व आहे. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच तोंडात आम्ल तयार होते आणि ते निवायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. जेवणाबरोबर एक जिलेबी खाल्ली तर एकदाच आम्ल होते. दिवसभर दर तासाला एकेक बिस्कीट दिले तर दात सतत आम्लात राहतात.

इथे या मुलांच्या पालकांची खरी ओढाताण होते. मुलाचे वजन वाढत नाही म्हणून डॉक्टर सांगतात, थोडे थोडे, वरचेवर भरवा. ते बरोबरच आहे, आणि दातांसाठी मुलाला उपाशी ठेवावे असे कुणीच म्हणणार नाही. पण मधल्या वेळचे खाणे गोडच असायला हवे असे नाही. दही, पनीर, मऊ उपमा, लोणी लावलेला मऊ पराठा चालतो. प्रत्येक खाण्यानंतर पाणी, आणि गालात अडकलेला घास ओल्या कापडाने काढून टाकणे. बाटलीत गोड दूध किंवा सरबत भरून तास-तास चोखायला देऊ नये. काही मुलांना अन्न वर येण्याचा त्रास असतो, पोटातल्या आम्लाने दात आतून झिजतात. अशा वेळी लगेच ब्रश करू नये, आधी पाणी द्यावे आणि अर्धा-पाऊण तास थांबावे.

आता आमची चूक. त्या मुलीने व्यायामात चांगली प्रगती केली की शाळेत तिला टॉफी बक्षीस मिळायची. वाढदिवसाच्या टॉफ्या वेगळ्या. वर्गात पस्तीस मुले, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. मैत्रिणी प्रेमाने आपलीही तिलाच द्यायच्या. टॉफी तिच्या दाढेला चिकटायची आणि जीभ ती काढू शकायची नाही. हे आमच्या डोळ्यांसमोर चालले होते. यंदापासून शाळेत वाढदिवसाला टॉफी वाटणे बंद केले आहे. पेन्सिल, खोडरबर, फूल काहीही चालेल. काही पालकांनी टॉफीऐवजी शेंगदाणे, फुटाणे सुचवले. सूचना चांगल्या मनाची आहे, पण चावण्याचा त्रास असलेल्या मुलाच्या घशात दाणा अडकू शकतो, म्हणून तेही नको.

दुखणे ओळखायचे कसे?

जो सांगू शकत नाही त्याचे दुखणे वागण्यातून वाचावे लागते. आवडते खाणे अचानक नाकारणे, एकाच बाजूने चावणे, थंड पाणी टाळणे, रात्री रडत उठणे, गालावर किंवा कानावर मारून घेणे, लाळ एकदम वाढणे, तोंडाला वास येणे, कारण नसताना अंगाचा ताठरपणा वाढणे. यातले काहीही नव्याने सुरू झाले तर 'हट्ट' हा शब्द उच्चारण्याआधी तोंडात बॅटरी मारून पाहावे. महिन्यातून एकदा, दुखत नसतानाही, ओठ उचलून बघण्याची सवय ठेवावी. हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग दिसला तर ती किडीची पहिली पायरी असते आणि तिथून दात परत सुधारू शकतो.

आणि 'दुधाचे दात काय, पडणारच आहेत' हे म्हणणे सोडून द्यावे. दुधाची दाढही दुखतेच. शिवाय त्या मुलीची किडलेली दाढ दुधाची नव्हतीच. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता येते, म्हणून पालकांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते.

पडल्यामुळे कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, घासू नये, दुधाच्या पेल्यात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्यांकडे पोचावे. या मुलांच्या बाबतीत दात पुन्हा बसवायचा का हे तेच ठरवतील, पण वेळ घालवू नये.

दंतवैद्यांकडे जाताना

पहिला वाढदिवस झाला की पहिली भेट व्हावी, आणि पुढे किमान सहा महिन्यांनी. दुखत नसताना गेलेल्या मुलाला खुर्चीची, दिव्याची, आवाजाची ओळख होते. तीन ते सहा महिन्यांनी लावायचे फ्लोराइडचे वार्निश आणि दाढेच्या खाचा बुजवणारे सीलंट, यांत सुई नाही, ड्रिल नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे एक द्रावण लहान किडीवर नुसते लावून ती थांबवता येते. किडलेली जागा काळी पडते एवढेच, ते आधी माहीत असावे.

वेळ सकाळची मागावी, मूल ताजेतवाने असते. आकडीचे औषध त्या दिवशी चुकवू नये आणि औषधांची यादी बरोबर न्यावी. खुर्ची एकदम मागे केली तर मूल दचकते, म्हणून हळू करायला सांगावे, गुडघ्यांखाली उशी मागावी. पुष्कळ तपासणी मुलाच्या व्हीलचेअरवर बसूनच होऊ शकते. कुणी म्हणाले की अशा मुलांचे आम्ही करत नाही, तर वाद न घालता दंत महाविद्यालयात जावे. आपल्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि दंत महाविद्यालयांत बालदंतचिकित्सेचा स्वतंत्र विभाग असतो. फार काम असेल आणि मुलाला स्थिर राहणे शक्यच नसेल तर रुग्णालयात संपूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळे दात दुरुस्त करतात. हा शेवटचा उपाय आहे, पण त्यात कमीपणा काही नाही.

खर्चाचे म्हणाल तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठीही आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही समावेश आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. फॉर्म भरायला शाळेचे कार्यालय मदत करील.

विश्वस्त मंडळासाठी दोन शब्द. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आणि शाळांची इमारत व सोयी अशा मुलांना वापरता येण्याजोग्या करण्याची जबाबदारी घातली. आपल्याकडे रॅम्प आहे. पण डबा खाल्ल्यावर व्हीलचेअरवरच्या मुलाला तोंड धुता येईल असे एकही बेसिन नाही. नळ उंच, खाली भिंत, गुडघे आत जात नाहीत. मंडळाने यंदा एक बेसिन बसवायला मंजुरी दिली आहे, त्याबद्दल आभार. कडा जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास, खालची जागा मोकळी, पिळायच्या नळाऐवजी दांडीचा नळ आणि बसल्या जागी चेहरा दिसेल असा आरसा, असे ठरले आहे. मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटे सर्वांनाच चूळ भरायला दिली जातील, त्यामुळे वेगळे कुणालाच काढले जाणार नाही.

त्या मुलीच्या दाढेवर तीन बैठकांत उपचार झाले आणि दाढ वाचली. ती आता सातवीत आहे. सकाळचा ब्रश तिचा, रात्रीचा वडिलांचा. आरसा किती उंचीवर हवा हे विचारायला तिलाच नेले होते. तिने सांगितले त्या ठिकाणी भिंतीवर खडूची खूण केली आहे. गवंडीकाम दिवाळीच्या सुट्टीत सुरू होईल, तोवर कृपया ती खूण कुणी पुसू नये.